धैर्यवान आणि केणी, १९७९

बाईंचं कपाट रिकामं करा, असं पत्र आलं
तेव्हा विभागात किल्ली कुणाकडेच नव्हती.
शिपाई म्हणाला, ठोकून उघडू.
आत सदतीस वह्या,
मिठाने फुगलेल्या, पापडासारख्या वाजणाऱ्या,
आणि लाकडाची एक चौकट, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर,
ठाकूरद्वारच्या सुताराने जुन्या दाराच्या पट्टीतून केलेली.

हीच ती.
वरळीच्या खडकावर ठेवायची
आणि आत जे असेल ते मोजायचं.
एवढंच काम. सव्वीस वर्षं.
कालवं, गोगलगायी, नखाएवढे खेकडे, शेवाळ,
ज्याला नाव नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

भरतीचं छापील कोष्टक पर्समध्ये असायचं,
पण धैर्यवानबाई चालायच्या तिथीवर.
ते शिकवलं नागूबाय केणीने,
जी त्याच खडकावर, त्याच ओहोटीला
कालवं फोडत बसलेली असायची
आणि पहिलं वर्षभर एवढंच म्हणाली होती,
"मोजतंस काय गो? खा की."

वही अकरा, पान चाळीस:
'नागू म्हणते, नाल्याच्या अंगाची कालवं
यंदा हातभर वर सरकलीत. तपासणे.'
खाली, तीन महिन्यांनी, दुसऱ्या शाईत:
'तपासले. एकोणपन्नास सेंटीमीटर.'

निबंध दोन नावांनी गेला.
संपादकाने परदेशातून विचारलं, दुसऱ्या लेखकाची संस्था?
उत्तराची कार्बन प्रत वहीतच चिकटलेली आहे:
वरळी कोळीवाडा, मुंबई.
पुन्हा पत्र. अनुभव?
चाळीस वर्षं, त्याच जागी.

आज चारशे अकरा निबंधांच्या तळाशी
ही दोन नावं शेजारी शेजारी आहेत.
चिलीत, कोरियात, कुठल्या कुठल्या थंड किनाऱ्यांवर
लोक लिहितात, 'केणी यांच्या निरीक्षणानुसार'.
परवा एका मुलाने मेलवर विचारलं,
प्राध्यापक केणी हयात आहेत का?
रेशनकार्डावर अंगठा उठवणारी बाई.
मी पंधरा दिवस उत्तर दिलं नाही.

बाई प्रेमळ वगैरे नव्हत्या.
माझं पहिलं प्रकरण त्यांनी वाचलंही नाही,
वजन करून परत दिलं. "जड आहे."
विभागप्रमुख कधी झाल्या नाहीत.
भरावाच्या समितीवर होत्या, बावीस पानं लिहून दिली,
अहवालात दीड ओळ आली, तीही नावाशिवाय.
घरी आल्या, बोंबील तळले, वही उघडली.

एकदा चौकटीत काहीच नव्हतं.
मी रकाना मोकळा सोडला.
"तिथे शून्य लिही," त्या ओरडल्या,
"शून्य म्हणजे आपण वाकून पाहिलं आणि नव्हतं.
पाहताच आलं नाही, तर रेघ मार.
शून्य आणि रेघ यांत गल्लत केलीस
तर पदवी परत घेईन."

शेवटच्या वहीत जागा क्रमांक तीन:
चार, दोन, शून्य, शून्य, एक,
शून्य,
मग रेघ.
रेघेच्या बाजूला बारीक अक्षरात: भराव.
पुढे बावन्न पानं रेघाच रेघा,
प्रत्येकीला तारीख.
म्हणजे त्या जात होत्या.
पंचाहत्तरीत, गुडघ्याला पट्टा बांधून,
जिथे पाहता येत नाही हे माहीत असूनही.

मुलाला अखेर कळवलं, हयात नाहीत. दोघीही.
संस्थेचा पत्ता तोच.

मग चौकट काखोटीला मारून
रविवारी सकाळी वरळीला गेले,
भिंतीच्या पायथ्याशी टाकलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर
काही बसलंय का बघायला.
पाणी हटेना. तासभर उभी.
जाळं शिवणारा एक पोरगा मान वर न करता म्हणाला,
"आज अष्टमी, मॅडम. भांगाला कोण येतं?"

एवढं शिकून तिथी विसरले.
ठोकळ्यावर बसून नवी वही उघडली,
तारीख घातली,
रेघ मारली.